‘नुसती सर्दी आहे हो’: पेशंटला भेटायला जाण्याआधी

वॉर्डाच्या दाराशी सिस्टरने अडवून विचारलं, ‘‘सर्दी, खोकला, ताप, असं काही?’’

‘‘नुसती सर्दी आहे हो,’’ मी म्हणालो. ‘‘कालपासून जरा घसा खवखवतोय. ताप-बिप काही नाही.’’

‘‘मग आज नको. त्यांच्या पांढऱ्या पेशी फार खाली आल्यात.’’

आत मावशी होती. केमोथेरपीची दुसरी फेरी होऊन दहा दिवस झाले होते. मी दाराच्या काचेतून हात हलवला, तिने पडल्या पडल्या हलवला, आणि मी आलो तसा परत निघालो. खोटं कशाला बोलू, रागच आला होता. चार तास प्रवास करून आलेल्या माणसाला एका शिंकेपायी परत पाठवतात म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगात १०२ ताप भरला, तेव्हा राग ओसरला.

मग मी हा विषय जरा नीट समजून घेतला. दारावरच्या पाट्या ‘मास्क वापरा’, ‘आजारी असाल तर भेट टाळा’ एवढंच सांगतात. का, ते सांगायला पाटीवर जागा नसते. आणि ‘का’ कळलं नाही की नियम फक्त सिस्टरची नजर चुकवण्यापुरता उरतो.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. हॉस्पिटलात पेशंटच्या जवळ जे काही येतं ते तपासून येतं. शस्त्रक्रियेची हत्यारं १२१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाच्या दाबाखालच्या वाफेतून निघतात. रक्ताची पिशवी चढवण्याआधी तपासली जाते. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. या सगळ्या साखळीत एकच दुवा सुटा आहे, तो म्हणजे भेटायला येणारा. तो गर्दीच्या गाडीतून उतरतो, लिफ्टचं बटण दाबतो आणि थेट खाटेपाशी जातो. दाराशी फार तर दोन प्रश्न विचारतात, आणि त्यांची उत्तरं त्याने खरी द्यावीत एवढीच अपेक्षा असते. म्हणजे त्याची तपासणी करणारा माणूस एकच, तो स्वतः.

खाटेवरच्या माणसाचं काय वेगळं असतं?

आपल्याला सर्दी होते तेव्हा तीन दिवस नाक गळतं, आपण वैतागतो आणि विसरून जातो. हे विसरून जाणं शरीराच्या फौजेमुळे शक्य होतं. या फौजेतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जिवाणू आणि बुरशीवर पहिला हल्ला चढवतात. धडधाकट माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एका बारीकशा थेंबात, त्या साधारण १,५०० च्या वर असतात. केमोथेरपीनंतर बहुतेक वेळा सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान त्या तळ गाठतात. हा आकडा ५०० च्या खाली गेला की डॉक्टर धास्तावतात. विषाणूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशीही याच काळात कमी पडू शकतात. मावशीचा दहावा दिवस नेमका या तळाशी होता, आणि मी निघालो होतो घसा खवखवत असताना!

यात एक विचित्र गोष्ट आहे. जखम लाल होणं, सुजणं, पू होणं ही संसर्गाची लक्षणं आपण जंतूंच्या खात्यावर मांडतो. पण ती बरीचशी आपल्याच पेशींच्या लढाईची खूण असते. पेशीच नसतील तर लढाई दिसत नाही. त्यामुळे अशा पेशंटला आत गंभीर संसर्ग झाला तरी बाहेर कधीकधी फक्त ताप दिसतो, बाकी सगळं शांत. ही शांतता फसवी असते. म्हणूनच अशा वॉर्डात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, ताप आला तरी धावपळ सुरू होते.

केमोथेरपी हे झालं एक उदाहरण. अवयव बदललेल्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, नाहीतर शरीर नवा अवयव परका म्हणून नाकारतं. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला टाके ओढतात म्हणून नीट खोकता येत नाही. कफ छातीत साचतो आणि त्यात न्यूमोनिया घर करतो. त्याला तुमचा खोकला दिलात तर टाक्यांवर हात दाबून खोकण्याची शिक्षा त्यालाच. वृद्धांची फौज वयाबरोबर थकलेली असते. आणि नवजात बाळाची फौज तर अजून भरती व्हायची असते. आपल्याला साधं पडसं देणारा आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या बाळाच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या सुजवतो आणि श्वास घेणंच अवघड करतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लसही देता येत नाही. ओठावर बारीक फोड आलेल्या मोठ्या माणसाने बाळाचा पापा घेतला तर त्यातला हर्पिसचा विषाणू बाळाच्या जिवावर बेतू शकतो. बाळ बघायला जाणाऱ्यांच्या हे सहसा गावीही नसतं.

आजार वाढणं हे एकच नुकसान नसतं. पेशंटला ताप-सर्दी झाली की ठरलेली शस्त्रक्रिया पुढे जाते, केमोथेरपीची पुढची फेरी लांबते. शिवाय वॉर्डात खाटा शेजारी शेजारी असतात. तुम्ही भेटायला गेलात एकाला, पण हवा सगळ्यांची एकच.

हे किती दूर जाऊ शकतं ते २०१५ मध्ये दक्षिण कोरियात दिसलं. परदेशातून परतलेल्या एका माणसाबरोबर मर्स हा श्वसनाचा गंभीर आजार देशात आला. पाहता पाहता १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण दगावले. जवळजवळ सगळा प्रसार हॉस्पिटलांच्या आत झाला. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एकाच पेशंटपासून तीन दिवसांत ऐंशीहून जास्त लोकांना लागण झाली. लागण झालेल्यांत साधारण एक तृतीयांश लोक पेशंटही नव्हते आणि डॉक्टर-नर्सही नव्हते. ते सोबतीला थांबलेले किंवा भेटायला आलेले लोक होते.

तोंडातून निघतं काय?

शिंकेचे तुषार डोळ्यांना दिसतात, म्हणून आपण शिंकेला घाबरतो. पण साधं बोलतानाही तोंडातून थेंब उडत असतात आणि आवाज चढला की त्यांची संख्या वाढते. थेंबाचं पुढे काय होतं ते त्याच्या आकारावर ठरतं. १०० मायक्रॉनचा थेंब, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढा, काही सेकंदांत खाली पडतो. ५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासाला बारा तास लागू शकतात. खोलीतली हवा काही स्थिर नसते; पंखा फिरतो, माणसं जा-ये करतात. त्यामुळे असा कण तरंगतच राहतो, उदबत्ती विझल्यावर तिचा वास राहतो तसा.

आता यातली खरी गंमत. ओठांतून बाहेर पडताना थेंब ओला आणि मोठा असतो. बाहेरच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी झपाट्याने उडतं आणि थेंब आकसून बारीक कण होतो. जंतू मात्र आत तसाच. बारीक थेंब खाली पडण्याआधीच वाळतात आणि उरलेले कण हवेत तरंगतात, ही गोष्ट विल्यम वेल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३४ मध्येच मांडली होती. मास्कचं सगळं तर्कशास्त्र इथे आहे. थेंब ओठांपाशी मोठा असतो तेव्हा त्याला अडवणं सोपं; हातभर लांब जाऊन तो वाळून बारीक झाला की त्याला गाळणं कठीण. त्यामुळे एकाच साध्या मास्कचा उपयोग आजारी माणसाच्या तोंडावर जास्त होतो, समोरच्याच्या तोंडावर कमी. पेशंट आधीच धापा टाकत असेल, त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी असेल, तर त्याला मास्क लावा म्हणणं शक्यही नसतं. राहिलो आपण.

तीन पदरी सर्जिकल मास्कमध्ये खरं काम मधला पदर करतो. बाहेरचा पदर ओल अडवतो, आतला त्वचेला मऊ लागतो आणि मधल्या पदरात अतिशय बारीक, वितळवून फुंकलेल्या प्लॅस्टिकच्या धाग्यांचं जाळं असतं. चांगल्या मास्कच्या या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, तसे हे धागे जवळून जाणारे कण ओढून घेतात. एन-९५ मास्कमध्येही हीच युक्ती असते, पण त्याची बसणी चेहऱ्याला घट्ट असते आणि तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो. याच आकारावर परीक्षा का? कारण गाळायला सर्वांत अवघड आकार तोच. त्याहून मोठे कण सरळ जाऊन धाग्यांवर आदळतात. त्याहून बारीक कण हवेत इतके वेडेवाकडे भिरभिरतात की कुठेतरी धाग्याला चिकटतातच. मधले तेवढे निसटू पाहतात. म्हणून ‘विषाणू तर मास्कच्या छिद्राहून लहान असतो’ हा युक्तिवाद टिकत नाही. मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. (असा मास्क साबणाने धुतला की भार जातो आणि उरतं ते नुसतं फडकं. काटकसर इथे नको.)

चष्मा लावणाऱ्यांकडे एक फुकटचं यंत्र असतं. मास्क लावल्यावर काच धुरकट होत असेल तर श्वास वरच्या फटीतून निसटतोय. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून नाकाच्या आकाराला बसवा. काच स्वच्छ राहिली की समजा, वरची फट बुजली. घड्या पूर्ण उघडून मास्क हनुवटीखाली ओढा. दाट दाढीवर एन-९५ घट्ट बसत नाही. आणि पुढे झडप असलेला मास्क हॉस्पिटलात नकोच. ती झडप तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडते. लावणाऱ्याची सोय होते, पण पेशंटला काही फायदा नाही.

मास्कवरून मधल्या काळात एवढे वाद झाले की काही लोकांना तो शब्दही नकोसा झालाय. माझं मत सांगतो. मास्क ही भिंत नव्हे, तो धोका कमी करतो, शून्य करत नाही. बाजारात, रस्त्यावर त्याचा किती उपयोग यावर तज्ज्ञांनी खुशाल भांडावं. पण अशक्त माणसाच्या खाटेपासून दोन हातांवर बसून अर्धा तास गप्पा मारताना तोंडापुढे गाळणी असावी की नसावी, यात मला वादाला जागा दिसत नाही. १९१० च्या हिवाळ्यात ईशान्य चीनमधल्या मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली तेव्हा वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरने हा रोग श्वासातून पसरतो असं सांगितलं आणि गॉझ-कापसाचे मास्क वापरायला लावले. जेराल्ड मेनी या अनुभवी फ्रेंच डॉक्टरला ते पटलं नाही. त्याने मास्क न लावता पेशंट तपासले आणि काही दिवसांतच तो त्याच रोगाने गेला.

मला तर काहीच होत नाहीये, मग?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू सोडू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस सोडत राहतो. लहान मुलं त्याहून जास्त दिवस. कोविडमध्येही लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होऊ शकते. गोवराचा पेशंट अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून इतरांना रोग देतो आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते. कांजिण्यांचंही तसंच, पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. म्हणजे ‘मी ठणठणीत आहे’ हे वाक्य खरं असूनही पुरेसं नाही. सर्दी-फ्लूची साथ असते तेव्हा हॉस्पिटलं सरसकट सगळ्यांना मास्क लावायला सांगतात ते यामुळेच. तुमच्यावर संशय नसतो. कोणावर घ्यायचा हेच त्या दिवशी कळण्यासारखं नसतं.

म्हणून निघण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न थोडे रुंद हवेत. ताप, कणकण, खोकला, घशात खवखव, नाक गळणं हे तर आलंच. पण उलटी, जुलाब, अंगावर नवं पुरळ, डोळे येणं, वाहणारी जखम हेही. घरात कोणाला काय झालंय? मुलाच्या वर्गात कांजिण्या निघाल्यात का? तुम्हाला स्वतःला त्या पूर्वी होऊन गेल्यात की नाही? नागीण झालेल्या माणसाला वाटतं, हा आपल्यापुरता त्रास. पण तिच्या फोडांतल्या पाण्यातून, कांजिण्या कधीच न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात.

तापाची एक चोरवाट आहे. सकाळी पॅरासिटामॉल घेतली, दुपारी दाराशी तापमान मोजलं, ९८ भरलं, आत गेलो. गोळीने ताप उतरतो, विषाणू उतरत नाही. म्हणून ‘ताप गेला’ याचा अर्थ, तापाची गोळी न घेता २४ तास ताप आला नाही. आणि तेवढ्यानेही भागत नाही: खोकला अजून ओला असेल, नाक वाहत असेल, तर आणखी थांबा. उलटी-जुलाब थांबल्यावर किमान ४८ तास जाऊ द्या. या दुखण्यामागे बरेचदा असणारा नोरोव्हायरस मोजक्या कणांनिशीही लागण करतो. तीन-तीन आठवडे न हटणारा खोकला मात्र ‘ॲलर्जी असेल’ म्हणून अंगावर काढू नका. डांग्या खोकला मोठ्या माणसांतही होतो, क्षयरोगही होतो, आणि दोन्ही वॉर्डात न्यायच्या गोष्टी नव्हेत. खरोखरच ॲलर्जीची जुनी सर्दी असेल तर सिस्टरला आधीच तसं सांगा आणि मास्क लावा. तुमच्या शिंकेवर कारण लिहिलेलं नसतं.

हात, खाट आणि मोबाइल

हातांची गोष्ट मास्कपेक्षा जुनी आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावलं. त्या विभागात आधीच्या वर्षी बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर होतं. १८४८ मध्ये ते दीड टक्क्याच्याही खाली आलं. जंतू नावाची काही चीज रोग करते हे तेव्हा सिद्धही झालेलं नव्हतं.

आजची पद्धत सोपी आहे. खोलीत शिरताना आणि निघताना, दोन्ही वेळा हात साफ करा. पहिली वेळ पेशंटसाठी, दुसरी तुमच्यासाठी आणि तुमच्या घरच्यांसाठी. सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचा असावा, तळहातभर घ्यावा, आणि हात वाळेपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद, बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याभोवती, नखांपाशी चोळावा. एक थेंब घेऊन तळहात एकमेकांवर फिरवणं हा नुसता सोपस्कार झाला. दोन ठिकाणी मात्र सॅनिटायझर तोकडा पडतो: नोरोव्हायरस, आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जुलाब घडवणारा जिवाणू. हा जिवाणू बीजाणूंचं कवच करून राहतो आणि अल्कोहोल त्या कवचाला काही करू शकत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं, ४० ते ६० सेकंद. कारण तिथे मारणं जमत नाही, धुऊन काढणं जमतं.

हात धुतले आणि मग खिशातून मोबाइल काढून पेशंटला फोटो दाखवला, तर मोबाइल मात्र दिवसभर जिथे जिथे फिरला तिथला सगळा ऐवज घेऊन आलेला असतो. तो आधी पुसून घ्या. खाटेवर बसू नका, खुर्ची असते. सलाईनची नळी, लघवीची पिशवी, जखमेचं ड्रेसिंग यांना हात लावू नका, ‘जरा सरळ करतो’ म्हणूनसुद्धा. फुलं न्यायची असतील तर आधी फोन करून विचारा: अतिदक्षता विभागात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या वॉर्डात बहुधा नाही म्हणतात. फुलदाणीच्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि कुंडीच्या मातीत बुरशी असते.

दारावरच्या पाट्यांचे रंग हॉस्पिटलागणिक बदलतात, अर्थ तीन प्रकारचे असतात. एका खोलीत स्पर्शातून पसरणारा रोग असतो, तिथे गाऊन आणि हातमोजे देतात. दुसरीत थेंबांतून पसरणारा, तिथे मास्क. तिसरीत गोवर, कांजिण्या, क्षयरोग यांसारखा हवेतून पसरणारा. तिथे दार कायम लावलेलं असतं आणि खोलीतली हवा यंत्राने बाहेर खेचली जाते, म्हणजे दार उघडलं तरी आतली हवा बाहेरच्या बोळात येऊ नये. तासाला बारा वेळा हवा बदलणाऱ्या अशा खोलीतसुद्धा पेशंट गेल्यावर ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटं लागतात. ‘जरा दार उघडं ठेवूया, कोंदट वाटतंय’ हा प्रेमळ विचार त्या यंत्रणेवर बोळा फिरवतो. याच्या उलट, ज्यांना जपायचं असतं अशा काही पेशंटच्या खोलीत गाळलेली हवा दाबाने आत सोडतात. तिथे खिडकी उघडण्याआधीही विचारा. हातमोजे घातले म्हणजे हात स्वच्छ असंही नाही. मोज्यांनीच नाक पुसलं तर ते मोजेही हातासारखेच.

मास्क खाली येतो तो क्षण

मी पाहिलंय, वॉर्डात मास्क सहसा एका ठरावीक क्षणी खाली येतो. आजोबांना कमी ऐकू येतं. नातू काहीतरी सांगतो, आजोबा ‘‘अं?’’ करतात. नातू पुढे वाकतो, मास्क हनुवटीवर ओढतो आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मोठ्याने सांगतो. अंतर सर्वांत कमी, आवाज सर्वांत मोठा, मास्क नेमका खाली. त्याचा हेतू प्रेमाचाच असतो, आणि आजोबांना ओठ बघून समजत असेल तर त्याची अडचणही खरी आहे. मग काय करायचं? कानाशी बाजूने बोला, समोरून नको. सावकाश बोला, ओरडण्यापेक्षा त्याने जास्त कळतं. श्रवणयंत्र लावलंय का ते बघा. मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा. ओठ दिसणारा पारदर्शक खिडकीचा मास्कही मिळतो.

दुसरा क्षण खाण्या-पिण्याचा. रात्रंदिवस सोबतीला राहणाऱ्याने चोवीस तास मास्क लावावा असं कोणी म्हणत नाही, पण खाणं-पिणं खोलीबाहेर, पेशंटपासून लांब करावं. मास्क ओला झाला की बदलावा. काढताना कानांच्या दोऱ्या धरून काढावा, पुढच्या भागाला बोट न लावता. आणि काढलेला मास्क कोपराला अडकवून फिरू नये. सोबतीच्या माणसाला स्वतःलाच कणकण वाटू लागली तर लपवू नये. ‘सांगितलं तर घरी पाठवतील’ ही भीती मी समजू शकतो, पण तेव्हाच दुसऱ्या माणसाला बोलावून पाळी बदलता येते.

दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावायचा नसतो, त्यांना गुदमरायचा धोका असतो. आणि मुलं सर्दीची मोठी वाहक. त्यामुळे साथीच्या दिवसांत नातवंडांना आत न सोडण्याचा नियम निष्ठुर वाटला तरी त्यामागे कारण आहे.

हे सगळं वाचून ‘मग जायलाच नको’ असं कोणाला वाटलं तर मात्र माझं मांडायचं चुकलं. माणसं येणं हा पेशंटच्या बरं होण्याचाच भाग आहे. वृद्ध पेशंट अनोळखी खोलीत भ्रमिष्टासारखे वागू लागतात तेव्हा ओळखीचा आवाज त्यांना भानावर आणायला मदत करतो. तान्ह्या मुलाच्या आईला, अखेरच्या घटका मोजणाऱ्याच्या मुलाला ‘तुम्हाला सर्दी आहे, येऊ नका’ एवढं सांगून भागत नाही. अशा वेळी न लपवता सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगा आणि विचारा की कसं जमवता येईल. बरेचदा एन-९५ मास्क, गाऊन, थोडा वेळ, अंतर, अशी काहीतरी वाट काढता येते. सर्दी लपवून आत गेलात तर ती वाटच बंद होते, कारण खबरदारी कशाची घ्यायची हेच कोणाला माहीत नसतं.

त्या दिवशी मी खाली आवारात बाकावर बसून मावशीला फोन लावला. वरती दोन मजल्यांवर ती, खाली मी. पाऊण तास बोललो. समोर बसलो असतो तर दहा मिनिटांत ‘‘बरं, पड आता’’ म्हणून उठलो असतो.

आता एक फोन, जो फार कमी लोक करतात. समजा तुम्ही नियम पाळूनच भेटून आलात आणि दुसऱ्या दिवशी ताप आला, किंवा चार दिवसांनी अंगावर पुरळ उठलं. वॉर्डाला फोन करा. लाजायचं कारण नाही, आणि कोणी ओरडणार नाही. तुमच्या या फोनचा उपयोग घड्याळावर मोजला जातो. फ्लूचं औषध लक्षणं दिसल्यावर ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त लागू पडतं, त्यामुळे पेशंटला पहिली कणकण येताच डॉक्टरांना दिशा मिळते. गोवराच्या संपर्कानंतर लस ७२ तासांत किंवा तयार प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीजचं) इंजेक्शन सहा दिवसांत दिलं तर बचाव होऊ शकतो. कांजिण्यांच्या संपर्कानंतर प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटला असंच इंजेक्शन दहा दिवसांपर्यंत देता येतं, जितकं लवकर तितकं बरं. फोनवर एवढंच सांगायचं: पेशंटचं नाव आणि खाट नंबर, तुम्ही कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ होतात, मास्क लावला होता की नाही, कोणाकोणाच्या जवळ बसलात, आणि पहिलं लक्षण कधी जाणवलं. डॉक्टरांनी काही निदान केलं असेल तर तेही.